सरकारचा वाटा

बहरीनमधल्या माहूजच्या आमच्या घरात दिवसभर एकाच वाक्याचा जप चालायचा, ‘दार लाव, गार हवा जाते.’ दार म्हणजे पुढच्या खोलीचं. घराला खोल्या दोन, दोन्ही खिडक्यांत घरमालकाने बसवलेले एसी, आणि चालू मात्र एकच. मे महिना लागला की ऑक्टोबर सरेपर्यंत आम्ही सहाजण त्या एका खोलीत राहायचो. थोरले दीर म्हणजे भावोजी, माझ्या जाऊबाई म्हणजे वहिनी, त्यांची दोन मुलं, माझे यजमान आणि मी. मी नवी नवरी. नव्या नवरीला काय काय सोसावं लागतं ते आईने निघताना सांगितलं होतं, पण दिरांच्या घोरण्यापासून चार हातांवर संसार मांडावा लागेल हे तिच्याही ध्यानात आलं नसेल.

यजमान कारखान्यात शिफ्टला होते. रात्रपाळी करून आले की दिवसा त्याच खोलीत झोपायचे, म्हणून शाळेतून आलेल्या मुलांनी कुजबुजत अभ्यास करायचा आणि आम्ही दोघी जावांनी चोरांसारखं वावरायचं. स्वयंपाकघरात उभं राहिलं की ब्लाउज पाठीला चिकटे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला असं कढत यायचं की भांडी घासताना हात मागे घ्यावा लागे. मागची खोली आमची म्हणून ठरलेली होती, पण ती बंद. तिच्या एसीच्या बटणावर भावोजींनी चिकटपट्टी लावून टाकली होती. गावी निदान रुसून माहेरी जाता येतं. इथे यजमानांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, माझा भावोजींच्या ट्रंकेत, आणि दुपारच्या उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

भावोजी कंजूष होते असं मात्र मी म्हणणार नाही. शुक्रवारी बाजारातला चांगल्यात चांगला हमूर मासा ते आणायचे, मुलांना वह्या-पुस्तकं कधी कमी पडू दिली नाहीत, आणि त्या खोलीतली सगळ्यात वाईट जागा, दाराच्या फटीतून गरम झळ येणारी, ती स्वतःकडे घेतलेली होती. त्यांचं सगळं घोडं विजेच्या बिलापाशी अडलं होतं.

बिलावर तीन आकडे असत. वर वापरलेल्या विजेची पुरी किंमत, मधे सरकारचा वाटा, आणि खाली आपण भरायची रक्कम. लोकांना वीज परवडावी म्हणून किमतीतला बराचसा भार तिथलं सरकार आपल्या अंगावर घेत होतं. मधल्या ओळीचा अर्थ एवढाच. भावोजींनी मात्र त्याचा अर्थ लावला होता, कर्ज. आज सरकार भरतंय, आणि आपल्या खात्यावर मांडून ठेवतंय. आपण कायमचे निघालो की सगळं एकदम मागणार, आणि दिलं नाही तर देशाबाहेर सोडणार नाही.

त्याला कारण होतं. बहरीनला आल्यावर त्यांची पहिली नोकरी एका ठेकेदाराकडे होती. त्याने कामगारांच्या कॅम्पमध्ये गादी दिली, घोंगडी दिली, ईदला सगळ्यांना बिर्याणी दिली. दिवाळीला मिठाईसुद्धा दिली. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा गादी, घोंगडी, बिर्याणी, मिठाई, सगळं पगारातून कापून घेतलं. ती बिर्याणी भावोजी कधी विसरले नाहीत. बिल आलं की मधल्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, ही बघा, बिर्याणी चाललीय. म्हणून वीज कमी जाळायची, म्हणजे कर्ज कमी चढेल. म्हणून एकच एसी, आणि म्हणून आम्ही सहाजण एका खोलीत.

मी एकदा धीर करून म्हटलं, वीज ऑफिसात जाऊन विचारलं तर? ते म्हणाले, विचारायला गेलं की आपलं नाव साहेबाच्या नजरेत येतं. आमचा घरमालक म्हातारा बहरीनी होता, तरुणपणी मुंबईला राहिलेला, हिंदी छान बोलायचा. त्याला जिन्यात गाठून मी विचारलं, तर त्याच्याही बिलावर तीच ओळ होती आणि आजवर कोणी दमडी परत मागितली नव्हती. हे मी घरात सांगितलं. भावोजी म्हणाले, तो इथलाच आहे, त्याच्याकडे कोण मागणार? परक्या मुलुखात कुठली मेहेरबानी आपल्यासाठी आहे आणि कुठली चुकून आपल्या ताटात पडली आहे, ते खरंच कळत नाही. यजमानांना म्हटलं, तुम्ही तरी जा. ते म्हणाले, दादाला डावलून कसं जाऊ? तेव्हा मला त्या दोघाही भावांचा असा राग आला होता की दोन दिवस मी यजमानांशी बोलले नाही. त्या खोलीत न बोलणंसुद्धा सगळ्यांना ऐकू जायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते. दोन माणसांच्या मधे कुशीवर वळायलाही जागा नाही. चोळी सैल करायची तर न्हाणीघरात जायचं. तपासणीला मनामाच्या दवाखान्यात जायचं होतं, सोबत वहिनी येणार होत्या. आदल्या महिन्याचं बिल मी पर्समध्ये घालून घेतलं आणि दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांना सांगितलं की मी वीज ऑफिसात जाणार आहे, तुम्ही टॅक्सीत बसा हवं तर.

वहिनी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बोलायला अगदी बेताच्या. त्या खेडच्या. मुलं इंग्रजी शाळेत जायची, मराठी समजायची त्यांना, पण आजीच्या पत्राला उत्तर लिहा म्हटलं की मुलगा म्हणे, ‘यू राइट, आई.’ तेव्हा वहिनींचा चेहरा पडायचा. मला वाटलं होतं त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, चल.

खिडकीपाशी एक तरुण बहरीनी कारकून होता. माझी हिंदी आणि त्याची हिंदी, दोन्ही लंगड्या, पण गाडी चालली. मी मधल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की आम्ही हिंदुस्थानी, जाताना हे परत द्यावं लागतं का. त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हसला.

“ये हुकूमत देता है. घर में जो रहता है, उस के लिए. वापस मफी.” आणि हात झटकून म्हणाला, “खलास.”

मफी म्हणजे नाही, हे बहरीनला उतरल्या दिवशीच कळतं. मला तिथेच रडू आलं. आज घरी जाऊन भावोजींच्या पुढे हे कसं मांडायचं, बटणावरची चिकटपट्टी कशी ओरबाडायची, आमच्या खोलीत पाळणा कुठे टांगायचा, सगळं मी टॅक्सीत बसेपर्यंत ठरवून टाकलं. टॅक्सी सुरू झाली आणि वहिनींनी माझा हात धरला.

“घरात सांगू नको गो,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी खिडकीबाहेर बघत, एकेक वाक्य तोडत सांगितलं. पगार झाला की भावोजी गावी ड्राफ्ट पाठवायचे. एका बहिणीचं लग्न झालं की दुसरीचं, मग चुलतभावाची फी, मग गोठा. वहिनींच्या आणि मुलांच्या नावाने एक पैसा राहात नव्हता. राहात होता तो एकाच जागी. दर महिन्याला बिल आलं की सरकारच्या वाट्याएवढीच रक्कम भावोजी बँकेत वेगळी टाकत, शेवटी फेडायला म्हणून. त्या पैशाला ते हात लावत नसत, कारण तो त्यांच्या लेखी आपला नव्हताच. वहिनींना कधीपासून वाटत होतं की हे कर्जबिर्ज काही नसावं. खेडला त्यांच्या आईच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा होता. त्यात दोन खोल्या उठवायच्या, मुलांना घेऊन परत जायचं, तिथल्या शाळेत घालायचं. शेवटी सरकार काही मागत नाही असं कळेल, तेव्हा एवढी रक्कम एकदम हातात येईल. तोवर गप्प बसायचं.

“ह्यांना आज कळला ना की पैसे आपले, तर परवा ड्राफ्ट जाईल,” त्या म्हणाल्या. “मग मी हयच मरतंय.”

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर मला खोली मिळणार होती, आणि वहिनींच्या दोन खोल्या जाणार होत्या. मी त्यांच्यावर चिडले होते, अगदी मनापासून चिडले होते. तरी घरापाशी टॅक्सी थांबली तेव्हा मी बिलाची घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवली होती.

ऑगस्टचं बिल फुगलं. जेवताना भावोजींनी जाहीर केलं की आता मुलं शाळेतून येईपर्यंत एसी बंद ठेवायचा. माझ्या अंगाला घामाच्या धारा, पाय सुजलेले. मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आधी त्याच बोलल्या. म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी हिला वेगळ्या गार खोलीत निजवायला सांगितलंय, नाहीतर बाळाला धोका आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते फक्त पालेभाजी खायला. भावोजी म्हणाले, सरकारचं केवढं चढेल. वहिनी म्हणाल्या, चढू दे. भावोजी बराच वेळ भात कालवत राहिले, मग उठले, मागच्या खोलीत गेले आणि नखाने चिकटपट्टी काढू लागले.

महिना संपल्यावर वहिनींच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती मला सांगताना मी त्यांना पहिल्यांदा खुदकन हसताना पाहिलं. दोन एसी चालले की वीज जास्त, वीज जास्त की सरकारचा वाटा जास्त, आणि वाटा जास्त की भावोजी बँकेत जास्त टाकणार. गावच्या ड्राफ्टला तेवढी कात्री. आम्ही गार हवेत झोपत होतो आणि खेडच्या भिंती चढत होत्या. तेव्हापासून घरात विजेला मीठ-मिरचीसारखा हात सैल झाला. वहिनी दिवसासुद्धा दिवे ठेवायच्या. भावोजी बिल हातात घेऊन कपाळाला हात लावायचे आणि वेगळी काढलेली रक्कम मुकाट्याने भरून यायचे. मला त्यांची कीव यायची आणि हसूही.

माझी मुलगी चालायला लागली तेव्हा गावाहून धाकट्या दिरांचं पत्र आलं. सासूबाईंचे दोन्ही डोळे जात चालले होते. मुंबईला नेऊन ताबडतोब ऑपरेशन केलं तर निदान एक वाचेल. महिनाभरापूर्वीच मोठा ड्राफ्ट गेलेला, कंपनीने आगाऊ पगार द्यायला नकार दिला. भावोजी संध्याकाळी पत्र गुडघ्यावर ठेवून पुढच्या खोलीत बसले. यजमान म्हणाले, दादा, ते बँकेतले आहेत ना? तोपर्यंत यजमानांनाही त्या साठवलेल्या पैशांचं कळलं होतं. भावोजी म्हणाले, ते आपले नाहीत. उद्या व्हिसा संपला आणि सरकारने मागितले तर बायकापोरांना इथे ओलीस ठेवू का? आणि ते रडू लागले. त्या माणसाला रडताना मी आधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंचं नि वहिनींचं कधीच पटलं नव्हतं. बाळंतपणात टोचून बोललेली वाक्यं वहिनींना अजून तोंडपाठ होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ते सांगायचं की नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला. मग त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“ते पैसे आपलेच हायत,” त्या म्हणाल्या. “मी ऑफिसात जाऊन विचारून आलंय. सरकार परत मागीत नाय.”

भावोजींनी विचारलं, कधी गेली होतीस? वहिनींनी खरं सांगितलं. हिची पोरगी पोटात होती तेव्हा. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते स्वतः वीज ऑफिसात गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीपाशी उभे राहिले आणि तेच उत्तर घेऊन बाहेर आले. तिथून सरळ बँकेत.

आम्ही जेवायला थांबलो होतो. वहिनींनी मला सकाळीच सांगितलं होतं की ऑपरेशन, मुंबईचं राहणं, औषधं, सगळं धरून निम्मेसुद्धा लागणार नाहीत. उरतील त्यात खेडला एक खोली तरी होईल. दुसरी मागाहून.

भावोजी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. हातपाय धुतले, पाटावर बसले, खिशातून ड्राफ्टची पावती काढून वहिनींच्या पुढ्यात ठेवली. आईचे डोळे होतील, वर घराची कौलं काढून स्लॅब होईल, धाकट्याला दुकान टाकून देता येईल, असं भराभर सांगू लागले.

“सगळे पाठवलेत?” वहिनींनी विचारलं.

“सगळे. डोक्यावर केवढं ओझं होतं गो. आता कुणाचं काय देणं नाय. मोकळे झालो आपण.”

वहिनींनी पावती उचलून फळीवर ठेवली आणि त्यांच्या पानात भात वाढला. आम्ही पुढल्या वर्षी जवळच्याच झिंज वस्तीत वेगळं बिऱ्हाड केलं. वहिनी माहूजच्या त्या घरात मुलगा कॉलेजला जाईपर्यंत राहिल्या.