अट्रॅक्टाचा डावा हात

आमच्या गावात उन्हाळ्यात कुणाला टॅनची, म्हणजे गोऱ्या अंगावर उन्हाचा रंग चढवणारी, बाटली घ्यायची असली, की ती बाई दुकानात जाण्याआधी अट्रॅक्टाचा डावा हात बघून येते. प्रत्येक नवी बाटली ती आधी स्वतःवर लावून बघते, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंत त्या हातावर टपालाच्या तिकिटाएवढे चौकोन असतात. एखादा गव्हाळ, एखादा विटकरी, एखादा चक्क संत्र्याच्या सालीसारखा. आणि एखादा लालभडक, सुजलेला.

"तो लाल दिसतोय ना, त्याच्या वाटेला जाऊ नकोस," अट्रॅक्टा म्हणते. विषय संपला.

तिची कातडीच तशी. वारा सोसत नाही, साबण सोसत नाही. लोकरीचा कोट नुसता आठवला तरी हिच्या मानेवर पुरळ उठतं, असं तिचा नवरा टॉमी म्हणायचा. टॉमी डेअरीचा टँकर चालवायचा. तो गेला, मुलं ऑस्ट्रेलियात स्थिरावली, आणि वॉशिंग मशीन ठेवलेली मागची खोली अट्रॅक्टाने गावातल्या बायकांसाठी मोकळी केली. जमिनीवर जुन्या चादरी, खिडकीला जाड पडदा, खुंटीवर मखमली हातमोजे. लग्न असो, शाळा संपल्यावरचा मुलींचा नाच असो, आदल्या दिवशी तिथे रंग लावून घ्यायला रांग लागते. पैसे ती घेत नाही. कुणी अंडी आणून देतं, कुणी सफरचंदाचा टार्ट, कुणी नुसत्या गावगप्पा. आणि गप्पा सगळ्यात जास्त खपतात.

मी माझा देश सोडून तिच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला या सगळ्याचं फार नवल वाटलं होतं. आमच्या मायदेशी लग्न ठरलं की मुलीला उन्हात पाऊल टाकू देत नाहीत, आणि इथे आदल्या दिवशी मुलगी घरी गोरीच परतली तर आईचा जीव खालीवर होतो. "तुला देवाने फुकट दिलंय," अट्रॅक्टा माझ्या हाताकडे बघून म्हणाली होती, "आम्हाला बाटलीतून विकत घ्यावं लागतं. आणि तेही आंघोळीत धुऊन जातं!"

तिची चौकशी डॉक्टरासारखी चालते. मागच्या उन्हाळ्यात एक कॉलेजची मुलगी आली, सगळ्यात गडद बाटली घेऊन.

"चेहरा दुपारपर्यंत चमकायला लागतो का गं?"

"सकाळीच लागतो."

"मग ही तोंडाला नाही लावायची. तेलावर रंग टिकत नाही, नाकावरून सुटतो आणि कपाळावर साचतो. तोंडाला हलकं फाउंडेशन, बिनतेलाचं. पावडर फक्त नाकाला आणि कपाळाला. गालाला फासलीस तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसशील."

"पण अंगाला हीच गडद लावू ना?"

"लाव की. फोटो बघून कुणी विचारेल, ही टेबलाच्या शेजारी उभी आहे की टेबलच आहे!"

मुलगी हसली आणि एक पायरी फिकी बाटली घ्यायला परत गेली. तरीही अट्रॅक्टाने तिच्या कोपराच्या आत थोडं लावून तिला घरी पाठवलं. उद्यापर्यंत खाज आली नाही तरच ये म्हणाली. हा नियम ती बिशपच्या बहिणीलाही लावेल.

आणि या बाईने जन्मात स्वतः कधी टॅन लावलेलं नाही. हातावरचे चौकोन सोडले, तर ती दुधासारखी पांढरी.

तिची जिवाभावाची मैत्रीण डिम्प्ना मात्र गावातली सगळ्यात सावळी बाई. शाळेपासूनची जोडी: एक उन्हातली, एक सावलीतली. डिम्प्ना दर वर्षी उन्हात पडायला लान्झारोटेच्या बेटावर जायची आणि परत आली की आठवडाभर विनाकारण सुपरमार्केटमध्ये हिंडायची. कारण इथली रीत अशी, की रंग चढलेली बाई दिसली की समोरची हटकून विचारते, "काय गं, कुठे जाऊन आलीस?" त्यात कौतुक असतं, थोडी असूयाही असते. डिम्प्नाला दोन्ही प्रिय.

मग ती आजारी पडली. औषधांनी केस गेले, भुवया गेल्या, रंग गेला. गोळ्यांनी चेहरा सुजला आणि तेलकट झाला. अंग मात्र कागदासारखं कोरडं. हिवाळाभर उपचार चालले. ते संपले तेव्हा केस नुकत्याच पेरलेल्या गवतासारखे उगवायला लागले होते, आणि जुलैत तिच्या कोलमचं, धाकट्या मुलाचं, लग्न होतं.

मी त्या दिवशी अट्रॅक्टाकडे चहाला होते. डिम्प्ना आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला काळी कर."

"तू डोक्यावर पडलीस का?"

"ऐक. मी दुकानात जाते ना, तर लोक मान अशी करतात." तिने मान एका खांद्याकडे कलती केली आणि चर्चमध्ये बोलावं तशा आवाजात म्हणाली, "'कशी आहेस गं डिम्प्ना?' दूध घ्यायला गेले तर तेच, केस दाखवायला सलूनमध्ये गेले तर तेच. माझ्या पोराच्या लग्नात अख्खं गाव मान वाकडी करून माझ्यासमोरून जाणार. जिवंतपणी मयताला आल्यासारखं. मला नको ते. एक दिवस, अट्रॅक्टा. एका तरी बाईने मला विचारायला हवं, कुठे जाऊन आलीस म्हणून. मग माझं काही का होईना."

अट्रॅक्टा ब्रेडला लोणी लावत राहिली. मग म्हणाली, "आधी त्या हॉस्पिटलातल्या नर्सला विचार. ती हो म्हणाली तर बघू."

नर्स हो म्हणाली. जिथे किरणांचा शेक दिला होता तिथे अजिबात नाही, कुठे कातडी फुटलेली असेल तर नाही, आणि आधी थोडंसं लावून बघायचं. मी तर हेच सांगितलं असतं, असं म्हणत अट्रॅक्टा कामाला लागली.

त्या जूनमध्ये तिचे चौकोन कोपराच्या वर चढले. एक दिवस मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, ती कुंपणाच्या पलीकडे होती. सगळीकडे ऊन, आणि हिच्या अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. बाही वर केली तर आतला हात जागोजागी लाल, एका ठिकाणी चक्क पाणी सुटलेलं.

"अगं, हे काय केलंस!"

"हळू बोल. ती नवी बाटली सुवासिक निघाली. बाटलीवर फुलं आहेत तेव्हाच ओळखायला हवं होतं." तिने बाही खाली ओढली. "डिम्प्नाच्या अंगावर उठण्यापेक्षा माझ्या उठलेलं बरं. मला सवय आहे."

"आणि तिला सांगितलंस?"

"सांगितलं तर ती नको म्हणेल. मग लग्नात सगळ्यांच्या वाकड्या माना कुणी बघायच्या?"

शेवटी एक बाटली तिच्या कातडीला सोसली. वास नसलेली, साध्या मलमासारखी, रोज थोडा थोडा रंग चढवणारी. डिम्प्नाच्या हातावर आधी एवढंसं लावलं, काही उठलं नाही. चेहऱ्याबद्दल अट्रॅक्टाने ठाम नकार दिला. गोळ्यांनी आलेले बारीक फोड होते, त्यांवर रंग म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच झाली असती. चेहऱ्याला लग्नाच्या सकाळी नुसता मेकअप.

मग लग्नाच्या आठवड्यात रोज दुपारी मागच्या खोलीत काम सुरू झालं. इतर बायकांना ती खरखरीत हातमोजा घालून चांगली घासून काढते, मग रंग लावते. डिम्प्नाला तिने घासलं नाही. तान्ह्या बाळाला पुसावं तसं पुसलं, कोपरांना आणि घोट्यांना आधी साधं क्रीम लावलं, कारण कोरड्या जागा रंग जास्त पितात, आणि मग हलक्या हाताने मलम. हळूहळू डिम्प्ना सायीच्या रंगाची झाली.

"हे काय, कुणाला दिसणारही नाही!" डिम्प्ना आरशासमोर कुरकुरली.

"उद्या अजून चढेल. धीर धर."

धीर हा या गावचा गुण नाही. इथली कुठलीही बाई, कितीही समजूतदार असो, तिला मनातून खात्री असते की अजून एक हात मारला तर बिघडायचं काय.

लग्नाच्या आदल्या दिवशी डिम्प्ना आली ती हात पाठीमागे लपवून. अट्रॅक्टाने तिचे हात पुढे ओढले. बोटांच्या पेरांवर, मनगटांवर चहाच्या कपाच्या तळाशी बसतो तसा रंग. घोटे तर तपकिरी मोजे घातल्यासारखे.

"न्हाणीघरात माझी जुनी बाटली होती," डिम्प्ना पुटपुटली. "थोडीशीच लावली."

"थोडीशी! तुझे हात बघ, बटाटे काढून आल्यासारखे दिसतायत! महिनाभर मी स्वतःला भाजून घेतलं ते याच्यासाठी?" ती थांबली, पण शब्द सुटून गेले होते.

डिम्प्नाने तिच्याकडे बघितलं. मग पुढे होऊन तिची बाही वर केली. 

"मूर्ख बाई," ती म्हणाली.

"तू मूर्ख. बस खाली."

त्या जुन्या बाटलीने डिम्प्नाची मान चांगलीच लाल झाली होती, पण फोड नव्हते. दुसऱ्या कुणाचे हात असते तर अट्रॅक्टाने लिंबू आणि साखर घेऊन तासाभरात घासून काढले असते. या हातांना ते चालणार नव्हतं. कातडी सोलून निघाली असती. तिने लहान बाळांचं तेल आणलं. मला एक हात दिला, तिने दुसरा घेतला. तेल चोपडायचं, मुरू द्यायचं, कोमट ओल्या फडक्याने टिपायचं, पुन्हा तेल. बाहेर अंगणात ऊन सरकत गेलं. चहा निवला, तो मी बदलून आणला.

"दुखतंय का?"

"नाही. आणि दुखलं तरी सांगणार नाही."

रंग पूर्ण निघाला नाही, पण डाग विरले. हात एकसारखे मधासारखे झाले. घोट्यांचं अट्रॅक्टाने नशिबावर सोडलं. "घोटे बघायला कुणी खाली वाकलं तर त्याला लाथ मार."

सकाळी तिने चेहरा हाती घेतला. आधी टिशूने तेल टिपलं. हलकं फाउंडेशन लावलं, ते गळ्याच्या रंगाला जुळवलं, गालाला नाही. दिव्याखाली बघितलं, मग डिम्प्नाला हाताला धरून दारात उजेडात नेऊन पुन्हा बघितलं. गालाला कोरडी लाली; मलमाची असती तर दुपारपर्यंत हनुवटीला आली असती. भुवया तिने मला पेन्सिलीने काढायला सांगितल्या. मानेवरचा लालसरपणा मोत्यांच्या माळेखाली गेला. वर मोठी निळी हॅट.

लग्न लागेपर्यंत सगळं ठीक चाललं. मुलाच्या आईला लोक लांबून बघत होते. पण जेवणाच्या मांडवात उकाडा होता, आणि पहिल्याच बाईने डिम्प्नाचा हात हातात घेऊन मान कलती केली. "कशी आहेस गं?" दुसरीने तेच. तिसऱ्या एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. डिम्प्ना हसत होती, पण तिचं हसू अत्तर उडतं तसं उडत चाललेलं मला दिसत होतं. अट्रॅक्टा पर्समधून टिशू काढून तिचं नाक टिपून गेली. "पुसू नकोस, टिप," कानात म्हणाली. दुसरं ती काय करणार?

मग नोरीन हॅव्हर्टी आली. नोरीन म्हणजे गावातली सगळ्यात खवचट जीभ. हिला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही आणि वाईट झालेलं लक्षात राहत नाही. तिने डिम्प्नाला हॅटपासून हातांपर्यंत न्याहाळलं. ओठ बारीक केले.

"बरं आहे बाई एकेकीचं! इथे आम्ही पावसात कुजतोय. कुठे जाऊन आलीस गं?"

डिम्प्नाने एक श्वास घेतला. "लान्झारोटे," ती म्हणाली.

"लग्नाच्या धामधुमीत?"

"म्हणूनच. जरा उसंत नको का जिवाला?"

"एकटीच गेलीस?"

"छे! ही होती ना बरोबर." आणि तिने अट्रॅक्टाच्या दंडाला धरून तिला पुढे ओढलं.

अट्रॅक्टा जन्मात विमानात बसलेली नाही. नोरीनने तिच्या पांढऱ्या फटक चेहऱ्याकडे बघितलं. "तू? मग तुझा रंग कुठे गेला?"

"मी छत्रीखाली होते," अट्रॅक्टा म्हणाली. "सबंध वेळ. हिला तेल चोळायला कुणीतरी नको का?"

"हॉटेल तरी कसं होतं?"

"जेवण बरं होतं. बटाटे मात्र मिठात घोळवलेले."

"सालीसकट," डिम्प्ना म्हणाली.

"सालीसकट. आणि समुद्र कसा छान कोमट."

"गार होता गं. तू पाय तरी बुडवलेस का?"

"बुडवले की! त्या वेटरने हात धरून नेलं मला."

"कुठला वेटर?" नोरीनने खुर्ची ओढून घेतली.

"मलाही आत्ताच कळतंय," डिम्प्ना म्हणाली आणि हॅट मागे सारून अशी हसली की गालांवरून पाणी ओघळलं. अट्रॅक्टाने टिशू पुढे केला. डिम्प्नाने तो घेतला नाही. ती वेटरचं नाव विचारत होती.