साहेबांचं पोट

प्राण्यांच्या रोगनिदान प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना सगळे ‘उशिराच्या बाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. कारण उघड होतं. जनावर जिवंत असेपर्यंत ते दुसऱ्या डॉक्टरांचं. गेलं, की बुटांच्या खोक्यात घालून बाईंकडे यायचं. त्यातही सशांवर बाईंचा हात विशेष बसलेला. यकृतावर पांढरे ठिपके दिसले की सूक्ष्म परजीवी, फुप्फुसात पू दिसला की अंगावर काढलेली सर्दी, जठरात केसांचा गोळा सापडला की गवताची हयगय. त्यांचं निदान चुकल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. रोग्यांपैकीही कुणी तक्रार केली नव्हती.

बाईंचा राग असायचा तो मालकांवर. ससा दुखणं लपवतो. कमजोर दिसलो तर कुणीतरी आपल्याला खाईल, हे त्याच्या रक्तातच असतं. त्यामुळे आजारी ससाही कान टवकारून ताटलीपाशी बसतो, खाल्ल्यासारखं तोंड हलवतो आणि घरच्यांना फसवतो. बाई प्रत्येक मालकाला विचारत, “खाणं कधीपासून कमी झालं?” आणि मालक डोळे पुसत तेच एक वाक्य म्हणत, “कालपर्यंत तर छान खात होता हो!” हे ऐकलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“चोवीस तास डोळ्यांसमोर वावरतो आणि तुम्हाला दिसत नाही? डोळे काय नुसते टीव्ही बघायला दिलेत?”

मालक बिचारा मेलेला ससा तिथेच ठेवून, मान खाली घालून जायचा.

घरी बाई आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांनी जन्मभर एका मोठ्या कचेरीत साहेबांची गाडी चालवली. लेकीने माणसांची डॉक्टर व्हावं असं त्यांच्या फार मनात होतं. ते राहून गेलं, म्हणून तिच्या कामाला ते ‘मेल्यावरची हुशारी’ म्हणत. एका बंद पडलेल्या सशांच्या फार्मवर एकच ससा जिवंत उरला होता, तो बाईंनी घरी आणला. म्हातारबुवांनी आधी नाक मुरडलं आणि आठवड्याभरात त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं.

“जन्मभर साहेबांच्या मागंपुढं केलं. सवय अशी सुटते होय?”

दुपारी बाई कामावर, घरात हे दोघं. साहेब बघता बघता गुबगुबीत झाले. वडील मात्र सडपातळ होत गेले. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बाईंनी कौतुकच केलं. “या वयात पोट कमी केलंत, बाबा! माझं मेलं हलत नाही.” वडील नुसते हसले. रात्री ते वाटीभर सूप घ्यायचे आणि दुपारचंच अजून पोटात आहे म्हणायचे. त्यांच्यासाठी करून ठेवलेला दुपारचा डबा संध्याकाळी रोज रिकामा असायचा, तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं.

मग एका सकाळी साहेब खुर्चीखाली आडवे झालेले सापडले. वडिलांनी तिथल्या तिथे निकाल दिला: शेजाऱ्याने विष घातलं. शेजारी म्हणजे त्यांचा रोजचा बुद्धिबळाचा भिडू. त्याने कुंपणाशी तण मारायचं औषध फवारलं होतं, एवढाच काय तो पुरावा.

“आता त्याचं तोंड बघणार नाही मी. तूच कापून बघ. निघेलच विष.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लेकीच्या विद्येची गरज पडली होती. बाईंना, खोटं कशाला बोलायचं, जरा बरंच वाटलं.

प्रयोगशाळेत बाईंनी साहेबांना टेबलावर घेतलं. आत चरबीच चरबी. मूत्रपिंडं अक्षरशः शोधून काढावी लागली. यकृत गडद तांबडं हवं, ते लोण्यासारखं पिवळं झालेलं आणि बोट लावलं तर चुरा होणारं. आतडी वायूने फुगलेली. जठरात गवताची काडी नाही, नुसता पांढरा लगदा. बाईंनी त्यावर आयोडिनचा थेंब टाकला आणि लगदा गर्द निळा झाला. म्हणजे स्टार्च, म्हणजेच पाव आणि भात. त्यात काळे तीळ चिकटलेले होते. भातावर काळे तीळ बाई फक्त वडिलांच्या डब्यात घालत, त्यांना आवडतात म्हणून.

शेजारी सुटला, म्हणून बाईंना हसू आलं. लाडाने मारलंत हो साहेबांना, हे घरी कसं सांगावं, याची मनात जुळवाजुळवही सुरू झाली. मग त्यांचा हात थांबला. चार घासांनी इतकी चरबी चढत नाही. हा अख्खा डबा होता, आणि रोजचा होता. मग बाबा काय खात होते? पट्ट्याचं ते नवं भोक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. हातमोजे काढून त्या तशाच घरी निघाल्या.

“निघालं ना विष?” वडिलांनी दारातच विचारलं.

“नाही. बाबा, घास कुठं अडकतो?”

म्हातारबुवांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग छातीच्या मधोमध बोट ठेवलं. “इथं. सूप उतरतं. पाव नाही उतरत.”

“मला सांगायचं नाही?”

“पहाटे उठून डबा करतेस. तो भरलेला कसा परत द्यायचा? साहेबांना आवडायचा.” त्यांची नजर खुर्चीखाली गेली. “म्हणजे मीच मारलं का गं त्याला?”

मालकांना खरं सुनावताना बाईंची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली.

“ते नंतर बघू. आधी चपला घाला.”

दवाखान्यातला डॉक्टर बाईंचा मुलगा शोभेल अशा वयाचा वाटत होता. त्याने वडिलांचं पोट चाचपलं, गळा तपासला, पट्ट्याच्या भोकांवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. “तुम्हीही डॉक्टरच ना? यांचं खाणं कधीपासून कमी झालंय?”

बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. इतकी वर्षं त्यांनी ते ऐकलेलंच होतं.

“कालपर्यंत तर छान जेवत होते हो,” त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसू लागल्या.