सही तपासेपर्यंत लूम बंद

भिवंडीत लाइट जाते. त्याबद्दल तक्रार नाही, जाते तशी येतेही. पण लाइट आली की जुनी लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, लगेच खडखडायला लागते आणि आमचा बोर्ड लावलेली लूम आधी सही तपासत बसते.

तो बोर्ड आमच्या छोट्या कंपनीचा. लूम कशी चालवायची याचा प्रोग्राम त्यात असतो आणि प्रोग्रामवर आमची आकड्यांची सही. सुरू होताना बोर्ड अख्खा प्रोग्राम वाचतो, गणित करतो आणि ताडून बघतो, की हा आमचाच आहे का मधे कुणी काही घुसडलंय. जुळलं तरच लूम हलते. हे मी भांडून घालायला लावलं होतं. बाजारात एक चोरटा प्रोग्राम फिरतो. त्याने लूम जोरात पळते, कारण हात आत गेला तर थांबायचं, हे त्यातून काढून टाकलेलं असतं.

एके दिवशी दापोड्याच्या रस्त्यावरच्या कारखान्यातून शेठचा फोन आला. "मॅडम, बाजूवाल्याचा कपडा निघायला लागला, आपली लूम अजून बसलीय. ये चेकिंग निकालो, नाहीतर शुक्रवारी बोर्डच काढतो." शुक्रवारी इथे लूम बंद असतात, त्यामुळे सगळी काढघाल त्याच दिवशी होते.

मी तणतणत गेले. कंपनीत हे काम पाण्याचा घोट घेईपर्यंत व्हायचं आणि इथे म्हणे चहा निवतो! लाइट गेली, आली. लूमवर खारबावचे एक काका होते. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, त्यामुळे वाट बघणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी लूमकडे बघितलं आणि स्विच बंद करून चालू केला. परत बघितलं, परत बंद-चालू.

"काका, हे काय?"

"मशीन उठली न्हाय तं झटका द्याचा, ताई. लूमला तसाच लागतं."

प्रत्येक झटक्याला तपासणी पहिल्यापासून सुरू होत होती. सगळा कारखाना हेच करत होता. शेठ स्वतः येऊन दोन झटके देऊन गेले. हात लावू नका, असं मी सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी लाइट आल्यावर पुन्हा झटका दिला. माणसं बदलण्यापेक्षा बोर्ड बदलणं सोपं होतं. हात स्विचपर्यंत पोचायच्या आत सही तपासून व्हायला हवी होती.

कंपनीत एकाने सुचवलं, एकदा तपासायचं आणि निकाल लक्षात ठेवायचा. म्हणजे नंतर कुणी प्रोग्राम बदलला तर बोर्ड डोळे मिटून बसणार. मी त्याला नको ते बोलले. मग आम्ही नीट बघितलं. तपासणी संपेपर्यंत बोर्ड रांगतच होता, पूर्ण वेग त्याला नंतर मिळायचा. शिवाय याच गणितासाठी चिपमध्ये एक वेगळा भाग होता आणि तो कुणी चालूच केला नव्हता. घरात मिक्सर असून आम्ही पाट्यावर वाटत होतो. वेग आधी दिला, गणित त्या भागाकडे सोपवलं.

शुक्रवारी नवा प्रोग्राम चढवला. शेठनी मेन स्विच पाडून वर केला. काकांचा हात अजून हवेत होता आणि लूम उठली. काकांनी सवयीने तरीही एक झटका दिला. ती पुन्हा उठली. मला मनापासून आनंद झाला.

पुढे एकदा शेठचा परत फोन. लूम चालत नाही, लाल दिवा लागलाय. काय केलं, असं मी विचारलं.

"जॉबरने बाजारवाला प्रोग्राम टाकला. जरा स्पीडसाठी."

जॉबर म्हणजे त्यांचा लूम दुरुस्त करणारा माणूस.

"लूमवर कोण आहे?"

"काका."

तो प्रोग्राम चालला असता तर लूममध्ये हात काकांचा असता. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता आमचा प्रोग्राम परत टाका."

"टाकतो. पण मॅडम, पहिले ही लूम टाइम घेऊन 'ना' बोलायची. आता एकदम तोंडावर बोलते."

म्हणजे हा उद्योग आधीही झाला होता. बोलून गेल्यावर शेठच्याही ते लक्षात आलं असावं. ही तक्रार मी सोडवणार नाही, असं त्यांना सांगून मी फोन ठेवला.