सिंधूताईंच्या साड्या

नरहरराव देशकर भोपाळच्या इंद्रपुरीजवळच्या टर्बाइन कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. टर्बाइनच्या कुठल्याही जुन्या नकाशाचा नंबर विचारा, ते डोळे मिटून सांगत. लग्नानंतर वर्षभरात ते सिंधूताईंना घेऊन नागपूरहून भोपाळला आले, आणि इथलेच झाले.

सिंधूताई गेल्या त्याला आठ वर्षं झाली. तेरावं उरकून मुलगी शमिका बडोद्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी नरहररावांनी बायकोचं कपाट रिकामं केलं. दार उघडलं की तिचा वास यायचा, तो त्यांना सोसवेना. सगळ्या साड्यांची गाठोडी बांधून त्यांनी एका महिलाश्रमात पोचवली. महिन्याभरानं शमिका आली, तेव्हा कपाटात नुसते वर्तमानपत्राचे कागद होते.

"मला विचारायचं तरी होतंत, बाबा," ती एवढंच म्हणाली. विषय तिथंच संपला, असं नरहररावांना वाटलं.

यंदाच्या हिवाळ्यात भोपाळच्याच अरेरा कॉलनीतल्या एका छोट्या कलादालनात शमिकाच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. छतापासून मलमलीचे अकरा लांब पट्टे सोडलेले. प्रत्येकावर आईची एकेक साडी, तिला आठवेल तेवढीच रंगवलेली. कुठे फक्त काठ, कुठे पदरावरचा हळदीचा डाग. जे आठवलं नाही, ते कोरं. शेवटचा पट्टा तर सबंध पांढरा होता. खाली लिहिलेलं: 'आई भोपाळला पहिल्यांदा उतरली तेव्हाची. बाबांना ठाऊक असेल.'

नरहरराव त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशीच्या रेल्वेच्या डब्याचा नंबर आठवला. ट्रंकेचं बिघडलेलं कुलूप आठवलं. सिंधू खिडकीशी बसून सगळा रस्ता बोलत होती, आपण पेपर वाचत होतो, हेही आठवलं.

"निळी असावी," ते म्हणाले.

"असावी?" शमिकानं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही गं आठवत. मी नीट पाहिलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून ते महिलाश्रमात गेले. तिथल्या प्रतिभाताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "बाबूजी, आठ साल हो गए. उनकी तो गोदड़ियाँ बन गईं, बँट भी गईं." कुणाला दिल्या, याची नोंद नव्हती.

ते तसेच कलादालनात आले. शमिका एका पट्ट्याची सुटलेली गाठ बांधत होती.

"आश्रमात जाऊन आलो. काही उरलं नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं, शमू. ती तुझीही आई होती. मी फक्त माझ्यापुरतं पाहिलं."

शमिकाचे हात थांबले. "हे तेव्हाच म्हणाला असतात ना बाबा, तर आठ वर्षं मी तुमच्यावर चिडून काढली नसती."

नरहररावांनी पट्ट्याचं सुटलेलं टोक तिच्यासाठी धरलं. तेवढ्यात कुणी पाहुणे आत आले आणि शमिका डोळे पुसून त्यांच्याकडे गेली.