हमीदभाईंच्या लेंग्याची नाडी

चहाचा कप ओठाला लावतोय तोच फोन आला, "हमीदभाई गेले." झोपेतच... महिना होईल आता. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं पावलापावलावर. पण आधी गोष्ट आणि मग चिक्की देणारं दुकान हमीदभाईंचं एकच. समोर माझं चष्म्याचं दुकान. गर्दी जमली की मीच काडी टाकायचो, "भाई, ते विमानतळाचं सांगा की!"

त्यांची मुलगी शबाना परदेशी. तिला मुलगा झाला, म्हणून हे नातू बघायला निघाले. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, "इथे काम करणार का?" आयुष्यभर गुळाच्या कढईपुढे उभा राहिलेला माणूस! छाती काढून म्हणाले, "मग! जावयाच्या दुकानात चिक्की करीन की." पर्यटकाच्या व्हिसावर काम? संपलं. परत पाठवायचं ठरलं.

"अहो, नाही म्हणायचं!" मी कपाळाला हात लावायचो.

"म्हणजे लेकीच्या घरी फुकट जेवायला आलोय, असं सांगू?" ते मलाच झापायचे.

परतीचं विमान दोन दिवसांनी. तोवर एका खोलीत. तिला कोठडी म्हणायचं नाही, प्रतीक्षागृह म्हणायचं. फक्त दार बाहेरून बंद. फोन काढून घेतला. मग जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये म्हणून लेंग्याची नाडीही! इथे हमीदभाई डाव्या मुठीत लेंगा धरून दुकानभर चालून दाखवत. "जेवलो असा, झोपलो असा!" गिऱ्हाइकं हसून बेजार.

पुढचं ते गिऱ्हाइकांना सांगत नसत. मला एकदाच सांगितलं, कढई घासता घासता. दुसऱ्या दिवशी शबानाला दहा मिनिटं भेटू दिलं. तिनं बाळ पुढे केलं. "अब्बा, घ्या ना." एक हात लेंग्यात गुंतलेला, आणि दीड महिन्याच्या जिवाला तर दोन्ही हात लागतात. लेकीला सांगणार काय? हे नुसतेच उभे...

"माझ्यावर रागावलात?" शबाना रडायला लागली.

तेव्हा ते पहारेकऱ्यादेखत फरशीवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हात पसरले. "वेळ संपेपर्यंत उठलो नाही बघ," म्हणाले, आणि पुन्हा कढई घासू लागले.

त्यानंतर दुकानात कुणीही तान्हं बाळ आणलं, की हमीदभाई गल्ला सोडून आधी खाली बसायचे, मगच हात पुढे करायचे. परवा पुतणीनं तिची तान्ही लेक माझ्यापुढे धरली. मी दुकानाच्या फरशीवर बसलो.

"काका, खुर्ची आहे ना!"

"असू दे," म्हटलं. "दे इकडे."