जाताना नऊ तास, येताना आठ

मित्रांनो, आज गुरुवार, म्हणजे आमच्या कंपनीची सुट्टी. सकाळी थेरगावच्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. शेजारी दत्तूभाऊ, इथले मूळचे गाववाले.

"पोरगी पोचली का रं जर्मनीला?"

"काल पोचली. मुंबई ते फ्रँकफर्ट, साधारण साडेसहा हजार किलोमीटर. विमानाला नऊ तास लागतात."

"आन् येताना बी तेवढंच?"

हे मी कुठल्या कॉलेजात नाही, मशीनवर काम करता करता स्वतः वाचून शिकलोय. त्यामुळे रीतसर समजावलं. उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून. अंतर तेच, पण परतीला तासभर कमी लागतो.

सगळं सलून ऐकत होतं. कात्रीसुद्धा थांबली होती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दत्तूभाऊ खूश झाले. "म्हंजी परत येणं सोपं हाय की राव! मग कधी येतीय?"

तिकीट एकाच बाजूचं होतं. पुढचं ती काही बोलली नव्हती, आणि सगळ्या गोष्टी खोदून विचारणाऱ्या मी नेमकं तेवढंच विचारलं नव्हतं.

"बघू," म्हणालो.

तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. आता संध्याकाळी मी एकटा, फोन हातात घेऊन बसलोय. तिकडे आत्ता दुपार असेल.

ज्यांची मुलं लांब आहेत त्यांना विचारतो. "कधी येणार?" हे तुम्ही कसं विचारता, मुलांना ओझं न वाटता?