भुताच्या फोनले दिलेली ओ

२०१६ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. परवा अंगणात तुरीच्या शेंगा शिजत होत्या, अन् त्या वासानं ती सांज पुन्हा डोळ्यांपुढं आली.

तवाही चुलीवर शेंगाच होत्या. दिवेलागणीले खिशातला मोबाइल वाजला. बाईचा आवाज होता, विहिरीतून यावा तसा. "नामदेव... ये ना नामदेव..."

मी बोलून गेलो, "ओ."

ती हसली अन् फोन बंद झाला. सांजच्या पहिल्या हाकेले ओ देऊ नये, तिसरीलेच द्यावी, हे आमच्यात लेकरालेही ठाऊक. पहिलीले ओ देणारा सकाळ पाहत नाही म्हणतात.

वाशीमच्या पुतण्याले फोन लावला. तो खदखदून हसला. "काका, पिक्चरची जाहिरात हाय ते. त्याईच्या वेबसाइटवर नाव अन् नंबर टाकला का भूत फोन करते. म्या तुमचा टाकला. भ्याले काय?"

"मी कायले भिऊ?" म्हणून मी फोन ठेवला.

पण ओ तर गेली होती. ती जाहिरातीले गेली का आणखी कोणाले, हे मले कोण सांगणार?

बायकोनं शेंगा पुढं ठेवल्या. "खात काहून नाही?"

"दात दुखते."

आज हसू येते. तवा मात्र भिंतीले पाठ लावून उजाडाची वाट पाहिली.

सकाळी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो अन् पहिल्या एसटीनं वाशीमले जाऊन त्याच पिक्चरचं तिकीट काढलं. मले बोलावणारी हाय तरी कोण, ते पाहाचं होतं.